खेळ टिकतो कशाने?



व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तो मुलांचे डोळे, मुलांचा अभ्यास आणि बापाचा खिसा इथेच येऊन थांबतो. ती काळजी खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरे कशी बुडतात हे या गावाला बाहेरच्या वक्त्याने सांगायची गरज नाही, आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तो उगाच नाही. पण पैसे लावून खेळणे हा जुगार आहे. त्याची चर्चा जुगार म्हणूनच व्हावी. मला आज वेगळा प्रश्न घ्यायचा आहे. टीव्हीला जोडायच्या डब्यात कॅसेट खोचून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेली एक पिढी आज चाळिशीत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, त्यानंतर हातात मोबाइल धरून वाढलेली दुसरी पिढी कॉलेजात आहे. पहिली म्हणते, आमच्या वेळचे गेम खरे, आताचा सगळा झगमगाट. दुसरी म्हणते, तुमच्या चौकोनी ठिपक्यांत आहे काय? दोघीही वयाचा हिशेब मांडताहेत, आणि माझ्या मते वयाचा इथे फारसा संबंध नाही. खेळ बनवणाऱ्याच्या हातून सुटून खेळणाऱ्याच्या हातात कायमचा येऊ शकतो की नाही, यावर तो टिकणार की नाही हे ठरते. आजच्या धंद्याचा मोठा भाग हे सुटणेच होऊ देत नाही. जो भाग होऊ देतो, तो जुन्यांच्या तोडीचा आहे, काही ठिकाणी सरसही आहे.

जुन्यांची बाजू आधी घेतो, कारण ती नुसत्या आठवणींवर सोडली तर लंगडी वाटते आणि ती लंगडी नाही. निन्टेंडोचा १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कुठे जायचे हे सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेले की अळंबीसारखा एक प्राणी समोरून चालत येतो. काहीच केले नाही तर मारिओ मरतो, पण खेळ नुकता सुरू झालेला असल्यामुळे गमावण्यासारखे काही नसते. दुसऱ्या खेपेला उडी मारली जाते. उडी मारताना डोके प्रश्नचिन्हाच्या विटेला लागते आणि नाणे निघते. पुढच्या विटेतून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळतो, हिरव्या नळाला आपटून आपल्याकडे परत येतो. डोक्यावर विटांचे छत असते, म्हणून चुकवायचा म्हटला तरी तो बहुधा अंगावर येतोच, आणि मारिओ मोठा होतो. पाव मिनिटाच्या आत चालणे, उडी, शत्रू, बक्षीस आणि बळ हे पाचही धडे झाले, एक शब्दही न उच्चारता. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना विचारपूर्वक केली होती. म्हणून इंग्रजीचे एक अक्षर न येणारा मुलगा जपानमध्ये बनलेला हा खेळ आपल्या घनसावंगी तालुक्यातही पहिल्याच दिवशी खेळू शकतो. हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोच्या जागेत असे पन्नास मारिओ बसतील. जागा इतकी कमी असली की फालतू काही ठेवताच येत नाही, आणि ती शिस्त खेळात दिसते.

दुसरा पुरावा टेट्रिसचा. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तो बनवला. आपल्याकडे तो जत्रेतल्या दुकानात 'ब्रिक गेम' या हातातल्या यंत्रावर मिळायचा. निन्टेंडोने १९८९ मध्ये काढलेल्या त्याच्या आवृत्तीला माणूस हरवू शकत नाही अशी समजूत होती. विटा इतक्या वेगाने पडू लागतात की बोटे पुरी पडत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने तो इतका पुढे नेला की खेळणारा न थकता यंत्रच अडकून थांबले. खेळ चौतीस वर्षांचा, खेळणारा तेरा वर्षांचा. त्या मुलाला त्या खेळाशी जोडणारी बालपणीची कोणतीही आठवण नव्हती. 'जुने गेम लोकांना आठवणींमुळे आवडतात' या म्हणण्याला याहून चोख उत्तर मिळणे अवघड आहे.

पण इथेच थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. मारिओ आणि टेट्रिस आपल्याला दिसतात कारण ते चाळणीच्या वर राहिले. खाली काय गेले ते पाहा. अटारी कंपनीने १९८२ मध्ये 'ई.टी.' या चित्रपटावरचा गेम पाचेक आठवड्यांत उरकून बाजारात आणला. तो इतका फसला की १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत त्याच्या कॅसेटी गाडून टाकल्या. २०१४ मध्ये त्या उकरून बाहेर काढल्या तेव्हा ती दंतकथा खरी ठरली. आपल्याकडचे आठवायचे तर समुराई, मीडिया अशा नावांच्या डब्यांबरोबर मिळणाऱ्या, '९९९९ गेम' असे छापलेल्या कॅसेटी आठवा. आत खरे गेम मोजकेच असायचे. तेच रंग आणि नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्या काळातले बहुसंख्य गेम कंटाळवाणे, एकमेकांची नक्कल केलेले आणि मुद्दाम अवघड केलेले होते, म्हणजे थोडासाच मजकूर फार दिवस पुरावा. जुन्या काळाशी तुलना करताना आपण त्यांच्यातले उत्तम आणि आपल्यातले सरासरी समोरासमोर उभे करतो. तमाशापासून कादंबरीपर्यंत सगळीकडे ही लबाडी चालते. गेमवाल्यांनी ती नव्याने शोधलेली नाही.

मग वय बाजूला ठेवून तुलना कशी करायची? दोन्ही नवे घ्यायचे. शेतकऱ्यांच्या या गावाला शेतीचेच दोन गेम चालतील. 'फार्मव्हिल' २००९ मध्ये फेसबुकवर आला. त्यात नांगरणी, पेरणी, काढणी सगळे होते, पण सगळे घड्याळाला बांधलेले. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची. वेळेवर येऊन काढली नाही तर वाळून जायची. म्हणजे माणूस कचेरीत असो की जेवणाच्या ताटावर, त्याने परत यावे असा तो हिशेब होता. पुढे जायचे तर शेजाऱ्यांकडे मागणी पाठवा, नाहीतर खरे पैसे मोजा. जगभर कोट्यवधी लोकांनी ही शेती केली. फेसबुकवरचा हा गेम ज्या फ्लॅश तंत्रावर चालत होता ते तंत्र ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले, आणि त्याच दिवशी कंपनीने गेम बंद केला. लोकांनी अकरा वर्षे राखलेली शेते एका रात्रीत गेली, आणि सातबाऱ्यावर नाव कधीच नव्हते.

'स्टार्ड्यू व्हॅली' २०१६ चा. एरिक बॅरोन या एका माणसाने चार वर्षांहून अधिक काळ राबून चित्रे, संगीत, संवाद, सगळे एकट्याने केले. आजोबांनी ठेवलेल्या पडीक शेतावर तुम्ही येता. प्रत्येक हंगाम २८ दिवसांचा. पाऊस आला की त्या दिवशी पाणी घालावे लागत नाही. बुजगावणे उभे केले नाही तर कावळे पीक खातात. हंगाम बदलला की मागच्या हंगामाचे उभे पीक मरते, म्हणून पेरण्याआधी दिवस मोजावे लागतात. ही घाई आतल्या कॅलेंडरची आहे; यंत्र बंद करून तुम्ही महिनाभर खऱ्या शेतात राबलात तरी तिथले एक पान वाळत नाही. जालन्याच्या बागायतदाराला यात एक गोष्ट हसू आणील: या शेतीत भाव कधी पडत नाही आणि विहीर कधी आटत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरचे पाणी घालूनही मोसंबीच्या बागा तोडाव्या लागलेल्या जिल्ह्याला ही शेती स्वप्नातली वाटणार. ते असो. मुद्दा असा की हा गेम विकत घेतला, यंत्रावर उतरवला की इंटरनेटशिवाय चालतो. उद्या बॅरोन यांनी दुकान बंद केले तरी ज्याच्या यंत्रावर प्रत आहे त्याचे शेत शाबूत राहील. खेळणाऱ्यांनी त्यात आपापली पिके, आपापली गावे घातली आहेत आणि बनवणाऱ्याने त्यांना अडवलेले नाही. चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. दोन्ही गेम नवे, दोन्ही शेतीचे, दोन्ही लोकप्रिय. एकाचे आज काही उरले नाही. हा फरक जुन्या-नव्याचा खासच नाही.

आता आपल्या तालुक्यात ज्याचा सर्वांत जास्त बोलबाला झाला त्या पब्जीकडे येऊ. मोबाइलवर तो २०१८ मध्ये आला. त्याला हिणवणाऱ्यांनी एवढे मान्य करावे की खेळ म्हणून त्याची बांधणी पक्की आहे. शंभर माणसे एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते, आणि लपून बसलेल्यालाही शेवटी उघड्यावर यावेच लागते. गोळीबारापेक्षा त्याआधीच्या शांततेत त्याची खरी मजा आहे. शिवाय कानात हेडफोन घालून चार दोस्त आपल्या मराठवाडी बोलीत डाव आखतात, ही गोष्ट मारिओने कधी दिली नव्हती. पण २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी होता, आणि ३० ऑक्टोबरला सेवा पुरती थांबली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' नावाने आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. बंदी योग्य होती की अयोग्य, तो वाद इथे नको. मला एवढेच दाखवायचे आहे की या सगळ्या काळात खेळणाऱ्याच्या हातात काही नव्हते. विकत घेतलेले पोशाख, मिळवलेली पदे, सगळे दूरच्या सर्व्हरवर. सरकार किंवा कंपनी, दोघांपैकी कोणीही कळ दाबली की संपले.

सरकारचा हात नसला तरी हेच होते. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटार शर्यतीचा गेम २०१४ मध्ये विकला गेला. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला, आणि ज्यांनी डबीबंद तबकडी विकत घेतली होती त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. सोनीने पैसे परत केले हे खरे. पण तो चांगला होता की वाईट हे पुढच्या पिढीने स्वतः खेळून ठरवायची सोय राहिली नाही. ई.टी. निदान उकरून काढता आला.

यावर एक चांगला आक्षेप येतो. खेळ म्हणजे काही ग्रंथ नव्हे. कुस्तीची दंगल संपते, कीर्तन संपते, तमाशाचा फड उठतो. म्हणून त्यांना मोल नाही असे कोणी म्हणत नाही. पब्जीच्या एका रात्रीचे मोल त्या रात्रीत होते. आक्षेपाचा पहिला भाग मी मानतो. पण दंगल संपली तरी आखाडा दुसऱ्या दिवशी उघडा असतो, आणि वस्तादाकडून शिकलेला डाव पठ्ठ्या दुसऱ्या गावी नेऊन खेळू शकतो. सर्व्हर बंद होणे म्हणजे आखाड्यातली मातीसुद्धा उचलून नेणे. खो-खोचे उदाहरण जवळचे आहे. गावोगावच्या पटांगणात खेळला जाणारा हा खेळ पुण्यात नियमबद्ध झाला, वाढला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला; पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. त्या प्रवासात प्रत्येक डाव क्षणिकच होता. पण नियम कोणाच्या कुलपात नव्हते, म्हणून तो खेळ इथवर पोचला.

दुसरा आक्षेप कायद्याचा. गेम कॉपी करू देणे म्हणजे चोरीला मोकळे रान. मग नवे बनवणारे जगतील कसे? आक्षेप रास्त आहे, आणि इथे आपल्याला थोडे अडचणीचे सत्य पचवावे लागते: महाराष्ट्रातल्या त्या कॅसेटपिढीने जे खेळले ते बहुतेक नकली होते. कॉन्ट्राच्या कोनामी कंपनीला त्यातून काही मिळाले नसणार. मी त्याचे समर्थन करत नाही. पण बनवणाऱ्याला पैसे मिळणे आणि विकलेली वस्तू विकत घेणाऱ्याकडे राहणे, या दोन गोष्टींत भांडण नाही. स्टार्ड्यू व्हॅलीने दोन्ही साधल्या. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ एवढेच मागते की कंपनीने सर्व्हर बंद करताना गेम चालू राहील अशी काही सोय मागे ठेवावी, आणि जुलै २०२५ पर्यंत तिथल्या दहा लाखांहून अधिक नागरिकांनी त्यावर सह्या केल्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २०२५ पासून डिजिटल दुकानांना बजावले आहे की देत असाल परवाना, तर तो परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. जुनेही सगळे मिळते असे नाही. अमेरिकेतल्या एका पाहणीने २०२३ मध्ये दाखवले की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. तरी ते नष्ट झालेले नाहीत, कारण प्रती लोकांकडे राहिल्या.

प्रतीचे महत्त्व या भागाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. इथून जवळच जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोध आपल्यापर्यंत आला तो कल्याणस्वामींच्या लेखणीतून आणि मठामठांत झालेल्या नकलांमधून. कल्याणांच्या हातची प्रत डोमगावच्या मठाने सांभाळली. पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून रामदासी बाडे गोळा केली. एकाच ठिकाणी एकच प्रत कुलपात असती तर साडेतीनशे वर्षांतली एक आग, एक पूर पुरेसा होता. आपल्या सिनेमाचे तसेच झाले. १९३१ चा 'आलम आरा' आज कुठेही नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले, म्हणजे फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर एकावन्न वर्षांनी. तोवर मूकपटांचा बहुतेक ठेवा गेला होता. तो जपण्याजोगा आहे असे त्या काळच्या शहाण्यासुरत्यांना वाटले नव्हते, कारण सिनेमा म्हणजे पोरे बिघडवणारी चीज असे मानले जात होते. व्हिडिओ गेमबद्दल आज आपण हेच म्हणतो.

तरी नुसती वस्तू उरून भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकात बारा, अशी १२० गोल पाने. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकात ती कला पुन्हा उभी केली आणि पाने आज सुरेख बनतात. ती लोक भिंतीवर लावतात. डाव मांडून बसणारे मात्र शोधावे लागतात. घाटवाटांवर आणि लेण्यांत दगडात कोरलेले मंकळा, नवकंकरी या जुन्या बैठ्या खेळांचे पट तसेच उघडे पडले आहेत. उलट सापशिडी पाहा. आपल्या मोक्षपटावरची पापपुण्याची घरे इंग्रजांनी बदलली, पुढे ती पुसलीच गेली, छापील पट चार आण्यांना मिळू लागला, आणि खेळ घराघरांत राहिला. तेव्हा टिकायला प्रत लागते, आणि ती हातात घेऊन खेळ पुढच्याला शिकवणारा माणूसही लागतो.

नव्या गेमना असे शिकवण्याजोगे, पुन्हा पुन्हा परतण्याजोगे काही असते का? असते. पोलंडच्या एका कंपनीचा २०१४ चा 'धिस वॉर ऑफ माइन' युद्धात अडकलेल्या साध्या नागरिकांचा आहे. अन्न कमी, औषध एकालाच पुरेल एवढे. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचे चोरायचे की आपल्यातला आजारी मरू द्यायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. पोलंड सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचे जाहीर केले. मारिओला ही खोली नव्हती आणि ४० किलोबाइटमध्ये ती आणणे अवघडच होते. आपल्याकडे पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' काढला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, राजस्थानी वळणाची वास्तू, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. मारामारी थोडी एकसुरी होते, आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो, हे सांगायला हवे. पण तो आपल्या मातीतला आहे, पूर्ण आहे आणि एकट्याने खेळता येतो. पन्नास वर्षांनी कोणी मराठी अभ्यासक तो उघडून पाहू शकेल. पब्जीच्या रात्रींविषयी त्याला फक्त ऐकीव मजकूर मिळेल, तोही कोणी लिहून ठेवला तर.

तो आज कोणी लिहीत नाही. नाटक, सिनेमा, क्रिकेट यांवर मराठीत रकानेच्या रकाने छापतो आपण. गेमवर मात्र एक तर बंदीची बातमी नाहीतर व्यसनाचा लेख. माझी विनंती साधी आहे. कपाटात वर टाकलेला जुना डबा आणि कॅसेटी भंगारवाल्याला देऊ नका. त्या गावच्या वाचनालयाला द्या, आणि वाचनालयाने त्या नाव-साल लिहून नोंदवून घ्याव्यात. इथल्या कॉलेजच्या मुलांनी आपण काय खेळलो, कसे खेळलो, कोणाबरोबर खेळलो हे आपल्या बोलीत लिहून काढावे. आणि आई-बापांनी मुलाला गेमसाठी पैसे देण्याआधी मोबाइलचे नेट बंद करून तो चालतो का, एवढे बघावे. चालत नसेल तर खुशाल खेळू द्या, पण त्यात पैसे घालू नका.